आगोटीतलं आमंत्रण

धाटावच्या कंपन्यांचा वास, त्यावर सुकटीचा, त्यावर डंकात कुटल्या जाणाऱ्या मिरचीचा. मे महिना उतरणीला लागला की रोह्याच्या हवेत हे तीन वास एकमेकांच्या अंगावर पडतात. बाहेरगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो. आम्ही हुंगतो आणि म्हणतो, लागली आगोट. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी करायचे हे दिवस. कुणाच्या गच्चीवर आमसुलं, कुणाच्या अंगणात बोंबील, कुणाच्या पत्र्यावर फणसाची पोळी, आणि प्रत्येक घरातली एक म्हातारी काठी घेऊन पहाऱ्याला. आमच्या घरातली ती म्हातारी मी. कावळ्यांचा मला राग नाही. कावळा उघड चोर आहे. मला भीती वाटते ती उचलायच्या आधी गोड हसणाऱ्यांची.

गेली काही वर्षं ह्याच दिवसांत आमच्या घरात दुसरी एक आगोट लागते. माझी नात प्राजू धाटावच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. पाळीची नोकरी. घरी आली की केसांना कसल्यातरी औषधाचा वास असतो, तो दोनदा धुतल्याशिवाय जात नाही. उरलेल्या वेळात ती मोबाइलची ॲप बनवते. ती आणि तिच्यासारखी आणखी पाच-सहा डोकी वर्षभर एका दिवसाची वाट बघत असतात. परदेशातली एक मोठी कंपनी दरवर्षी मिरगाच्या तोंडावर ॲप बनवणाऱ्यांचा मेळावा भरवते. डेव्हलपर कॉन्फरन्स म्हणतात त्याला. पहिल्या दिवशी मोठं भाषण होतं आणि कंपनी ह्या वर्षी काय नवीन काढणार ते सांगितलं जातं.

"मग सांगतील तेव्हा बघा की," मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं होतं. "आधी महिनाभर काय एवढं?"

"आजी, आधीच तर खरी मजा असते."

हे मात्र मला पटलं. आधीच्या मजेत मी एकदा कंबरेपर्यंत बुडालेली बाई आहे. म्हणूनच ह्या दिवसांत पोरीच्या डोळ्यांत ती चमक आली की मी पापड उलटायचे सोडून तिच्याकडे बघत बसते.

त्या मेळाव्याचं आमंत्रण म्हणजे नुसतं एक चित्र असतं. यंदाचं काळं होतं आणि त्यात एक निळी रेघ वाकडी होऊन वर गेलेली. पत्ता नाही, वेळ बारीक अक्षरात. पोह्याच्या पापडांचं पीठ मी अजून माहेराहून, पेणहूनच आणते. माझ्या हातच्या पापडांचा हा एक हट्ट मी सोडलेला नाही. आमंत्रण आलं त्या रविवारी प्राजूही पेणला निघाली होती, म्हणून तिच्याबरोबर गेले. रोह्याला गाडीत बसल्यापासून पेण येईपर्यंत पोरगी त्या रेघेकडे बघत होती. आमच्या वेळी मुलाचा फोटो आला तर त्याच्याकडेसुद्धा आम्ही इतका वेळ बघितलं नव्हतं.

पेणला निहाल नावाच्या तिच्या मित्राचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत ही मंडळी जमतात. मला स्टूल दिलं, कोकम सरबत दिलं आणि मी नाहीच असं समजून सगळे त्या चित्रावर तुटून पडले.

"निळ्याच्या कडेला जांभळं आहे बघ," निहाल म्हणाला. "म्हणजे नकाशात काहीतरी मोठं येतंय."

"जांभळ्याचा आणि नकाशाचा काय संबंध रे?" मला राहवेना.

"दोन वर्षांपूर्वी जांभळं होतं, आजी. तेव्हा नकाशा बदलला होता."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी केशरी होतं."

"केशरीत काय आलं?"

कोपऱ्यातली चष्मेवाली मुलगी म्हणाली, "काही नाही आलं. पण ती ह्या वर्षीची तयारी होती."

मी त्या मुलीकडे जरा आदराने पाहिलं. असं उत्तर ज्याला सुचतं तो जन्मात कुठे अडत नाही.

मग त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या. काय येणार, काय जाणार, ज्याचं त्याचं भाकीत. सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात. मलाही एक कागद दिला. मी लिहिलं, "जे आत्ता फुकट आहे त्याला कुलूप लागेल." निहालने वाचलं आणि हसला. "आजी, हे तर दरवर्षीच होतं. ह्याला भाकीत नाही म्हणत."

"मग दरवर्षी टाळ्या कशाला वाजवता?"

"त्याच्याबरोबर दुसरं काहीतरी भारी दिलेलं असतं ना!"

सरबत आंबट लागलं मला. ह्या पोरांचे चेहरे मी ओळखत होते. डोळे मोठे झालेले, मान पुढे काढलेली, दुसऱ्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू करणारी. पेणच्या नळावर, हंडा कमरेवर घेऊन, असाच चेहरा करून मी उभी असायची. हंडा भरून वाहायला लागला तरी मला पत्ता नसायचा.

परतीच्या गाडीत निडीच्या स्टेशनात प्राजूचा फोन वाजला. बघितलं तर तिच्या तोंडावरचा रंगच बदलला. मला वाटलं, कुणी गेलं.

"आजी," ती म्हणाली आणि फोन माझ्या पुढ्यात धरला. इंग्रजी पत्र. मी म्हटलं, "तूच वाच, मी ऐकते आणि शंका घेते." ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं.

त्या कंपनीने तिच्या ॲपची निवड केली होती. मोठ्या भाषणाच्या वेळी एक फिल्म दाखवतात, जगातल्या कुठल्या कोपऱ्यात कुणी काय बनवलं त्याची. त्यात प्राजूचं ॲप दिसणार होतं. मिनिटभरही नाही, पण दिसणार होतं. ते दिसलं की मोठ्या नोकऱ्या चालून येतात, मग धाटाव सुटलं, केसांचा वास सुटला, हे तिला सांगावं लागलं नाही. माझ्या हातावरची तिची बोटंच ते सांगत होती.

तिच्या ॲपचं नाव ओहोटी. आमच्या इथल्या खाडीकाठच्या गावांतल्या बायका पाणी उतरलं की चिखलात उतरतात, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे, निवट्या म्हणजे चिखलातले मासे आणि तिसऱ्या शिंपल्या काढायला. पाणी कधी उतरणार आणि कुठल्या काठाचा चिखल आधी उघडा पडणार, ते हे ॲप सांगतं. आणि प्रत्येक बाई आपली जागा त्यात ठिपका देऊन टिपून ठेवते. ह्या तिथीला इथे मिळालं, त्या तिथीला तिथे. ज्या बाईची जागा तिलाच ती दिसते, दुसऱ्या कुणाला नाही. वर्षभर प्राजू सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडून बायकांच्या उंबऱ्यावर बसली, तेव्हा कुठे बावीस बायकांनी जागा टिपल्या.

"बदल्यात काय मागतायत?" मी विचारलं.

"काही नाही गं."

"काही न मागणारं पत्र एवढं लांब नसतं."

ती जरा थांबली. "ते ठिपके खुले करायचेत. कंपनीच्या नकाशावर. म्हणजे फिल्ममध्ये आख्खी खाडी अंधारात काळी दिसेल आणि तिच्यात बायकांच्या जागा चमकत जातील. एक एक करून." बोलताना तिने बोटाने हवेत ठिपके काढले. मलाही ते दिसले, खोटं कशाला बोलू. काळ्या पाण्यात पेटत जाणारे बावीस ठिपके. सुंदर होतं ते. आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं, चमकतं ते कुणाला तरी दिसावं म्हणूनच ना?

उत्तर आठवड्यात द्यायचं होतं.

आता त्या नळावरच्या मंदीची गोष्ट सांगायलाच हवी. मंदी म्हणजे मी. वीस वर्षांची, दोन वेण्या, वेण्यांना लाल फिती, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की समजूत. पेणच्या आमच्या आळीत घरोघरी पोह्याचे पापड लाटले जायचे. व्यापारी पीठ पाठवायचा, बायका लाटायच्या. दुपारी आळीतून चालत गेलं तर प्रत्येक दारातून पोळपाटाचा आवाज यायचा आणि प्रत्येक घराचा आवाज वेगळा. आमच्या आईचा हात हलका, तिच्या लाटण्याला लय होती. शेजारच्या सुमनताईचा भरभर, कारण तिचं घर तिच्या त्या लाटण्यावरच चालायचं.

दरवर्षी आगोटीच्या आधी शहरातली एक कंपनी यायची. शाळेच्या हॉलात नवीन यंत्राचं प्रात्यक्षिक करून दाखवायची. एका वर्षी मिक्सर आणला, एका वर्षी नारळ खवायचं काहीतरी. आणि आधी महिनाभर आळीत चर्चा, ह्या वर्षी काय आणणार? त्या वर्षी भिंतीला कागद लागला त्यावर यंत्राचं चित्र होतं, पण कापड टाकून झाकलेलं. कापडाखालून नुसती वायर बाहेर आली होती. त्या वायरच्या जाडीवरून मी नळावर छातीठोक सांगितलं, हे कपडे धुवायचं यंत्र आहे. दोन दिवसांनी दुसरी कुणी हेच बोलली तर तिच्याशी भांडले, कारण आधी मी सांगितलं होतं. प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी तासभर आधी जाऊन पहिल्या रांगेत बसले. नवी साडी. मला कुणी बोलावलेलं नव्हतं, पण माझ्याशिवाय कंपनीचं कसं होणार!

कापड ओढलं. पापड लाटायचं यंत्र होतं.

पांढऱ्या पँटीतल्या माणसाने पीठ घातलं, बटण दाबलं. यंत्र घरघरलं आणि पलीकडून पापड आला तो उंदराने कुरतडल्यासारखा. दुसरा आला, तो अर्धाच. मागे बायका फिदीफिदी हसायला लागल्या. आज कळतं, त्या हसण्यात जीव भांड्यात पडल्याचा आवाज होता. तेव्हा मला फक्त त्या माणसाचा पडलेला चेहरा दिसला. बिचारा. एवढ्या लांबून आला.

मी उभी राहिले. "दादा, तुमचं पीठ निजलेलं नाही."

आईने मागून पदर ओढला. "गप बस गो मंदे."

मी कुठली बसते! पुढे गेले, पिठाला बोट लावलं आणि सगळ्या हॉलाला ऐकू जाईल असं सांगितलं. नुसतं मळून भागत नाही, कुटायचं किती, ओल्या फडक्याखाली ठेवायचं किती, तेलाच्या बोटांनी चिमटीत ओढलं की कसं लांबलं पाहिजे आणि तुटताना कसा बारीक आवाज आला पाहिजे. आईने जे मला वर्षानुवर्षं नुसतं बघू दिलं होतं, शब्दात कधी सांगितलं नव्हतं, ते मी शब्दात सांगितलं. त्याने लिहून घेतलं. चार दिवस रोज बोलावलं, मी रोज गेले. पाचव्या दिवशी यंत्रातून पापड आला, पातळ, गोल, काठाला एक चीर नाही. त्या माणसाने हॉलात माझं नाव घेतलं, स्टीलचा डबा दिला. सगळ्यात जोरात टाळ्या कुणी वाजवल्या असतील? मीच. स्वतःसाठी वाजवल्या.

पुढच्या आगोटीला व्यापाऱ्याकडे यंत्र आलं. आळीत पीठ येणं कमी झालं आणि मग थांबलं. आईने मला एका शब्दाने विचारलं नाही. घरापुरते पापड ती लाटत राहिली, पण दार लोटून. सुमनताई मिठागरावर टोपल्या वाहायला जायला लागली. संध्याकाळी परत येताना तिचे पाय मिठाने पांढरे झालेले असायचे, आणि मी दारात दिसले की ती हसून विचारायची, "काय गो मंदे, पीठ निजलं काय?" तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. लग्न करून रोह्याला आले तेव्हा मला वाटलं होतं, सुटले.

यंत्र माझ्यावाचूनही एक ना एक दिवस चाललं असतं, हे मला कळतं. कुणीतरी दुसरी मंदी उभी राहिली असती. पण उभी मी राहिले होते.

ही गोष्ट मी घरात शेकडो वेळा सांगितली आहे. फक्त डब्यापर्यंत. प्राजूला पत्र आलं त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, गच्चीवर पापड पसरताना मी प्राजूला पहिल्यांदा पुढची अर्धी सांगितली. ती पापड हातात धरून ऐकत राहिली.

"हे वेगळं आहे, आजी," ती शेवटी म्हणाली. "इथे कुणाचं काम जाणार नाहीये. उलट दुसऱ्या खाड्यांवरच्या बायकांनाही वापरता येईल. आणि माझं नाव राहणार आहे."

"माझंही नाव घेतलं होतं."

"तुझा डबा होता. हे माझं आयुष्य आहे."

मी पापड हाताने सरळ करत राहिले. आणि खरं सांगायचं तर मला माझाही संशय यायला लागला. मी बायकांच्या जागांसाठी अडवतेय, की ही पोरगी बंगळुराला नाहीतर कुठे गेली तर माझी ताटं गच्चीवर कोण चढवणार म्हणून? म्हाताऱ्या माणसाच्या शहाणपणात स्वार्थ किती मिसळलेला असतो ते त्याचं त्यालाही चाळून काढता येत नाही. तसं मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "दोन्ही असेल." पोरगी माझ्यावर गेली आहे.

"मग मला नको विचारू," मी म्हटलं. "ज्यांच्या जागा आहेत त्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी तिने स्कूटर काढली. मी मागे बसले, एका बाजूला पाय सोडून, एका हातात पापडांची पिशवी. चांगुणाबाय खाडीकाठी राहते. ॲपमध्ये पहिली जागा तिने टिपली, मग तिचं बघून बाकीच्यांनी. रोह्याच्या बाजारात ती चिंबोऱ्या घेऊन बसते म्हणून माझी तिच्याशी जुनी ओळख, म्हणजे जुनी घासाघीस. आम्ही पोचलो तेव्हा ती उंबऱ्यावर बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या दोरीने बांधत होती.

"काय गो म्हातारे, तू पन ॲपवाली झालीस काय?"

"मी नुसती मागे बसून आलेय. पापड आणलेत."

"यंत्राचे नायत ना?"

बोलायला तोंड मिळालं म्हणून मी तिला माझी सगळी कथा सांगून टाकली, हसत हसत. ती इतकी हसली की हातातली चिंबोरी सुटून घरात पळाली. मग प्राजूने आपलं सांगितलं. भाषण, फिल्म, काळी खाडी, चमकणारे ठिपके. सगळं नीट, काही न लपवता. मला तिचा अभिमान वाटला.

"मी दिसन त्याच्यात?" चांगुणाने विचारलं.

"तुमचं नाव येईल काकी. फोटोपण घेता येईल."

"येऊ दे की. नाकात नथ घालून बसतंय. पन जागा कशापायी?"

"नकाशावर दिसायला."

"कुनाला?"

"सगळ्यांना."

"सगल्यांना म्हंजे पलीकडच्या काठाला पन? गाडी घेऊन येतात त्यांना पन?"

प्राजूने होय म्हणून मान हलवली.

चांगुणाने दोरीला गाठ मारली, दाताने तोडली. "लग्न होऊन आले तवा सात वर्सं सासूनं मना ती जागा नाय दावली. संगती न्यायची, पन चिखलात फुडं वाकडीतिकडी चालायची, म्हंजे मना वाट कलू नये. लय शिव्या घातल्या मी म्हातारीला. आता माज्या जावेला मी तशीच फिरवतंय."

"मग ह्या मोबाइलात कशी टाकलीस गं?" मी विचारलं.

"ही बोलली ना, कुलूप हाय. हिच्या तोंडाकडं बघून टाकली. मोबाइलातलं मना काय कलतंय?"

प्राजू खाली बघत होती. चांगुणाने पळालेली चिंबोरी मडक्यामागून काढून आणली, तिची मागची बाजू धरून परत बसली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "एकदा दावलं आन मग मना नाय आवडलं, तर पुसशील?"

"पुसेन. पण तोपर्यंत ज्यांनी बघितलं असेल त्यांच्याकडे..."

"ऱ्हाईल," चांगुणाने वाक्य पुरं केलं.

बांधापलीकडे पाणी उतरत होतं आणि चिखलात असंख्य भोकांतून बारीक बुडबुड आवाज येत होता.

"मी नको नाय बोलनार पोरी," ती म्हणाली. "तुज्या नोकरीचं हाय. मी नको बोलले आन तुजं मोठं काम ऱ्हायलं तर ते माज्या बोकांडी. तूच ठरव. व्हय बोललीस तर मी नथ काढून ठेवतंय पेटीतून."

परतीच्या वाटेवर मला बोलायचं होतं. एक युक्ती सुचली होती आणि ती सांगायला जीभ वळवळत होती. खोटे ठिपके टाकायचे. खाडी काळी ती काळी, ठिपके चमकले की झालं, कॅलिफोर्नियात बसलेल्याला काय कळतंय चिंबोरी कुठे आहे ते! मी गप्प राहिले, पण दोन दिवसांनी निहालने फोनवर तिला हेच सांगितलेलं मी ऐकलं. "खोटे टाक ना यार! कोण तपासायला येतंय?"

"आणि खोट्या ठिपक्यावर कुणी गेलं आणि रुतलं तर?" प्राजू म्हणाली. "त्या चिखलात माणूस कमरेपर्यंत जातो, निहाल."

मी स्वयंपाकघरात होते. हातातली परात हळूच खाली ठेवली. सत्तरी उलटलेल्या माझ्या डोक्यात जे आलं नव्हतं ते हिच्या डोक्यात सगळ्यात आधी आलं.

तिने उत्तर पाठवलं. भरती-ओहोटीच्या वेळा सगळ्यांना दाखवेन, ॲप कसं चालतं ते दाखवेन, बायका तयार असतील तर त्यांचे फोटो देईन. जागा देणार नाही, त्या माझ्या नाहीत. दोन ओळींत कंपनीचा जबाब आला. फिल्मसाठी ठिपके आवश्यक होते, ह्या वर्षी जमणार नाही, तुमच्या कामाला शुभेच्छा. भाषा गुळगुळीत, कुठे बोट अडकायला जागा नाही. प्राजूने ते वाचलं आणि मग सकाळच्या पाळीचं काम होतं म्हणून डबा घेऊन धाटावच्या बसला गेली. पोरगी त्या दिवशी डबा तसाच परत घेऊन आली.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. वाटलं नाही. चार रात्री नीट जेवण गेलं नाही तिला, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की मी बोलले नसते तर? यंत्र कुणाच्याही नकारावर अडत नाही, हे मला पेणला कळलं होतंच. उद्या दुसरा कुणी येईल, वरून फोटो काढेल, बायका कुठे कुठे थांबतात ते मोजेल आणि ठिपके काढेलही. मग ह्या पोरीने गमावलं कशासाठी?

मेळावा आता चार दिवसांवर आलाय. भाषण आपल्याकडे रात्री दिसतं, म्हणून निहालच्या दुकानात म्हणे जागरणाची तयारी चालू आहे, आणि प्राजू जाणार आहे. "त्यांचा राग नाही आला तुला?" मी विचारलं. "आला ना. पण नकाशात काय काढतात ते बघायचंय," ती म्हणाली. डोळ्यांत तीच चमक, तेवढीच. मी कपाळावर हात मारला.

आज सकाळी दारात चांगुणाबाय उभी. डोक्यावर टोपली नाही, हातात काही नाही. "पोरगी हाय काय? सुट्टी हाय ना तिला?" प्राजू बाहेर आली. "चल," चांगुणा म्हणाली. "फोन हितंच ठेव." प्राजूने एकदा तिच्याकडे पाहिलं, फोन टेबलावर ठेवला आणि ओढणी कमरेला खोचून तिच्यामागून गेली. मला कुणी चल म्हटलं नाही. पाणी उतरायची वेळ होती.

दुपारी परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, पोटरीला ओरखडा, पिशवीत तीन चिंबोऱ्या. मागच्या दारी धोंड्यावर बसली. मी तांब्या घेऊन तिच्या पायांवर पाणी ओतायला लागले.

"लांब होतं का गं?" मी विचारलं.

"होतं."

"बांधाच्या अलीकडे की पलीकडे?"

ती अंगठ्याच्या बेचक्यातला चिखल काढत होती. "तुला कशाला गं?"

"सहज."

"सहज विचारणाऱ्याला तर मुळीच सांगायचं नाही असं काकीने बजावलंय." मग तिने मान वर केली. "तुझं नाव घेऊन बजावलंय, आजी."

मला राग आला. खरोखरचा आला, कानशिलं तापली. माझ्याच घरात, माझ्याच नातीकडून! पाण्याचा थेंब थेंब तिच्या पायावरून चिखल घेऊन खाली जात होता आणि ती माझ्याकडे अजिबात न घाबरता बघत होती.

"दुसरा पाय पुढे कर," मी म्हटलं आणि तांब्या परत भरला.